नोफेल

शनिवारी सकाळी सात वाजता पॅथॉलॉजी लॅबच्या बाकांवर बसलेली बहुतेक माणसं उपाशी असतात. रात्रीच्या जेवणानंतर पाण्याशिवाय काही घ्यायचं नाही, असं त्यांना सांगितलेलं असतं. त्यामुळे ती फार वेळ शांत राहत नाहीत. त्या दिवशी अशी वीसेक माणसं बाहेर होती आणि मी आतल्या कपाटाएवढ्या खोलीत जमिनीवर बसून एका काळ्या पडद्याकडे बघत होते. पडद्यावर एकच ओळ होती आणि तिच्या शेवटी सेकंद मोजले जात होते. मुदत दीड मिनिटाची.

मी तेव्हा तेवीस वर्षांची होते. इंजिनिअरिंग संपून वर्षही झालं नव्हतं. पुण्यातल्या ज्या छोट्या कंपनीत मी होते, ती अशा लॅबचे, दवाखान्यांचे सर्व्हर सांभाळायची. आदल्या संध्याकाळी त्या तालुक्याच्या गावात वीज गेली, यूपीएस संपला आणि वीज परत आल्यावर सर्व्हर काही उठेना. म्हणून मी पहाटेची पहिली एसटी पकडून आले होते.

दीड मिनिट संपलं. मशीनने सांगितलं, मी इमर्जन्सी मोडमध्ये आहे, रूटचा पासवर्ड द्या. बाहेरून रिसेप्शनवरच्या ताईंचा आवाज आला, "झालं का हो?"

लिनक्सचं मशीन सुरू होतं म्हणजे नेमकं काय होतं, ते आधी थोडक्यात सांगते. पुढचा सगळा प्रश्न त्यातूनच आलेला आहे. कर्नल जागा झाला की तो एक पहिली प्रोसेस सुरू करतो. तिचा नंबर कायम १. बाकी सगळ्यांना उठवायचं काम तिचं: नेटवर्क, लॉग, डेटाबेस, वेब सर्व्हर. पूर्वी हे रनलेव्हलनुसार चालायचं. युनिक्सच्या 'सिस्टम फाइव्ह'कडून आलेली ही पद्धत. ० म्हणजे बंद. १ म्हणजे दुरुस्तीपुरतं, एकाच माणसासाठी उघडलेलं मशीन. ३ म्हणजे नेटवर्कसकट पूर्ण चालू, पण चित्रांचा पडदा नाही. ५ म्हणजे पडद्यासकट. ६ म्हणजे बंद करून पुन्हा सुरू. प्रत्येक पातळीचं एक फोल्डर आणि त्यात क्रमांक लावलेल्या स्क्रिप्ट. रेड हॅटच्या जुन्या मशीनवर नेटवर्कचा उठायचा क्रमांक १० होता आणि वेब सर्व्हरचा ८५. बंद होताना उलटं: वेब सर्व्हर १५, नेटवर्क ९०. म्हणजे घरातल्या आईसारखं, नेटवर्क जवळजवळ सगळ्यांच्या आधी उठायचं आणि सगळ्यांच्या नंतर झोपायचं.

पण क्रमांकावरून फक्त क्रम कळतो. कोणाचं कोणावाचून अडतं, हे कळत नाही. दहा नंबरवाला पडला तरी पंच्याऐंशी नंबरवाला आपली पाळी आली की उठायचा आणि हवेत हात मारत बसायचा. २०१० मध्ये लेनार्ट पॉटरिंग आणि के सिव्हर्स यांनी सिस्टमडी आणलं. त्यात प्रत्येक सर्व्हिस आपली नाती स्वतः लिहून ठेवते. त्यातले तीन शब्द महत्त्वाचे. 'आफ्टर' म्हणजे मला अमक्याच्या नंतर उठवा. तो पडला तर काय करायचं, याबद्दल हा शब्द काहीच बोलत नाही. 'वॉन्ट्स' म्हणजे तो असला तर बरं, नसला तरी मी उठेन. 'रिक्वायर्स' म्हणजे त्याच्यावाचून मला उठवू नका. बूट होताना काही अडलं की मी आजही सगळ्यात आधी हेच बघते, की हे तीन शब्द कोणी एकमेकांच्या जागी तर लिहिलेले नाहीत ना. बऱ्याचदा लिहिलेले असतात. माणसांचंही याच तीन शब्दांवरून बिनसतं, पण तो विषय वेगळा.

मशीनला कुठल्या डिस्क जोडायच्या, याची यादी एफएसटॅब नावाच्या फाईलमध्ये असते. त्या यादीत आलेली साधी डिस्क 'रिक्वायर्स'मध्ये धरली जाते. ती सापडली नाही तर सिस्टमडी दीड मिनिट वाट बघतं आणि मग इमर्जन्सी मोडमध्ये जातं, जो जुन्या पातळी एकच्याही एक पायरी खाली आहे. मी लॉग वाचला. न सापडलेली डिस्क मागे यूएसबीला लावलेली होती. तिच्यावर रोज रात्री दोन वाजता सगळ्या रिपोर्टची प्रत जायची. केबल बदलून पाहिली, दुसरं पोर्ट पाहिलं, डिस्क कानाला लावली. आवाज नाही.

यावरचा उपाय एका शब्दाचा आहे. एफएसटॅबमध्ये त्या डिस्कच्या ओळीत, चौथ्या रकान्यात स्वल्पविराम देऊन लिहायचं: नोफेल. त्याचा परिणाम मॅन्युअलमध्ये स्पष्ट दिलेला आहे: ही डिस्क आता 'रिक्वायर्स'मध्ये नाही, 'वॉन्ट्स'मध्ये आहे, ती मिळो न मिळो, बूट पुढे जाईल.

मी लिहिलं. मशीन मिनिटभराच्या आत उठलं. मी रनलेव्हल कमांड दिली. उत्तर आलं 'एन ३'. आधीची पातळी नाही, आताची तीन. सगळं चालू. ताईंना म्हटलं, "झालं. पण मागची डिस्क गेलीय, नवीन घ्यावी लागेल." त्या चार नंबरचा टोकन शोधत होत्या. "हो हो," म्हणाल्या. मॅडम आत रक्त काढत होत्या, त्यांना हाक मारली नाही. दुपारच्या एसटीने परत आले आणि कंपनीच्या नोंदीत लिहिलं: सर्व्हर सुरू, समस्या सोडवली.

आता लिनक्समधली एक बारीक गोष्ट. इथे डिस्क एखाद्या फोल्डरवर जोडली जाते. जोडली नाही तरी फोल्डर असतोच. रिकामा आणि मुख्य डिस्कवरचा. रात्री दोनची स्क्रिप्ट आली, तिला तो फोल्डर दिसला, तिने त्यात प्रत ठेवली आणि लॉगमध्ये लिहिलं, बॅकअप यशस्वी. पाच महिने, रोज. घराची दुसरी किल्ली घरातच ठेवून बाहेरून कुलूप लावावं, तसं ते चाललं होतं.

पाच महिन्यांनी मुख्य डिस्क गेली. सर्व्हर बसवताना घेतलेली एक जुनी प्रत तेवढी कंपनीत होती. तिच्यानंतरचे चौदा महिन्यांचे रिपोर्ट गेले.

मॅडमचा फोन आला तेव्हा माझ्या सीनियरने तो स्पीकरवर घेतला. त्या ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "माझ्याकडे एक काका येतात. मधुमेह आहे, दर तीन महिन्यांनी क्रिएटिनिन बघतो. आज १.८ आलंय. वर्षापूर्वी ते १.७ होतं की १.१, यावर त्यांच्या डॉक्टरांचं पुढचं सगळं ठरणार. त्यांना त्यांचा कागद सापडत नाही आणि मला माझा. हे कसं झालं?"

सीनियर म्हणाला, "मॅडम, डिस्क गेली. बॅकअपची तर आधीच गेलेली होती. डिस्क जातातच."

मी त्याच्या शेजारी बसले होते. त्याच्या बोलण्यात खोटं काहीच नव्हतं. नोफेलबद्दल त्याला ठाऊकच नव्हतं, त्यामुळे त्याच्यापुरतं ते पूर्ण सत्य होतं. माझ्यापुरतं मात्र ते नरो वा कुंजरो वा होतं. अश्वत्थामा मेला हे खरंच होतं, फक्त कोणता ते हळू आवाजात सांगितलं गेलं. मी तर तेवढंही बोलले नाही.

पुढचे तीन दिवस मी स्वतःशी भांडत होते. माझी बाजू भक्कम होती. वीस उपाशी माणसं बाहेर असताना, बॅकअपची डिस्क नाही म्हणून लॅब बंद ठेवायची? तो शब्द लिहिणं बरोबरच होतं. आजही मी तोच लिहीन. मग चुकलं कुठे?

आमच्या क्षेत्रात यावर एक जुनं उत्तर आहे. टँडम या कंपनीत असताना जिम ग्रे यांनी १९८५ मध्ये संगणक का थांबतात यावर एक अहवाल लिहिला. त्यात 'फेल फास्ट'चा आग्रह आहे: एखाद्या भागाने नीट काम करावं, नाहीतर ताबडतोब थांबावं, चुकीचं काम करत राहू नये. या नियमाने बघितलं तर त्या सकाळी सगळ्यात सचोटीने वागलं ते मशीन. त्याने 'मी पूर्ण नाही' असं सांगून पुढे जायला नकार दिला आणि मी त्याची तक्रार करायची सोय काढून घेतली.

पण एवढ्यावर माझं समाधान होत नाही. काहीही कमी असलं की थांबायचं, हा नियम माणसांच्या जगात चालत नाही. लॅब, शाळा, घर, सगळं काही ना काही नसताना चालू असतं आणि चालू राहण्यातही एक प्रामाणिकपणा आहे. तेव्हा थांबावं की चालावं, हा खरा प्रश्न नव्हता.

गिटलॅबची गोष्ट मी नंतर वाचली. ३१ जानेवारी २०१७ ला त्यांच्या एका इंजिनिअरने चुकून चालू डेटाबेसचं फोल्डर पुसलं. बॅकअप शोधायला गेले, तर रोजची डेटाबेसची प्रत आवृत्तीच्या घोळामुळे बनतच नव्हती. ती बनत नाही हे सांगणारे ईमेल निघत होते, पण समोरचा मेल सर्व्हर ते नाकारत होता, कारण त्यांच्यावर हवी ती सही नव्हती. म्हणजे यंत्र तक्रार करत होतं, पण ती माणसापर्यंत पोचत नव्हती. शेवटी योगायोगाने सहा तास आधी घेतलेली एक प्रत कामी आली. कंपनीने हे सगळं उघडपणे लिहिलं, दुरुस्ती यूट्यूबवर लाइव्ह दाखवली आणि त्या इंजिनिअरचं नाव लिहिलं नाही.

ते वाचताना मला माझी चूक नीट दिसली. 'रिक्वायर्स'चं 'वॉन्ट्स' करणं हा वरवर तांत्रिक बदल आहे. प्रत्यक्षात ते एक विधान आहे: या गोष्टीवाचून या लोकांचं चालेल. असं विधान करायचा अधिकार कोणाचा? ती गोष्ट गेल्यावर ज्याला भोगावं लागणार, त्याचा. मॅडमचा, आणि त्यांच्यामार्फत त्या काकांचा. मी तो निर्णय त्यांच्या वतीने घेतला. तेवढंही चाललं असतं, कारण घाई होती. पण घेतल्यावर त्यांना सांगितलं नाही. त्यामुळे निर्णय माझा राहिला आणि किंमत त्यांच्याकडे गेली. त्यांना तर निर्णय झाल्याचंही माहीत नव्हतं. रिसेप्शनवर जाता जाता टाकलेलं वाक्य म्हणजे सांगणं नव्हे. त्या वाक्याने मी स्वतःची सुटका केली होती, एवढंच.

असे नोफेल आपण पुष्कळ ठिकाणी लिहितो. म्हाताऱ्या वडिलांची तपासणी पुढच्या महिन्यात केली तरी चालेल, असं आपणच ठरवतो. टीममधल्या एकाची सुट्टी आपणच 'बघू'मध्ये टाकतो. गाडी पुढे जाते. विचारलं तर सांगायला 'एन ३' असतंच. तो आकडा खोटा नसतो. तुम्ही कुठल्या पातळीवर पोचलात एवढंच तो सांगतो. काय मागे ठेवून पोचलात, ते सांगत नाही.

तिसऱ्या दिवशी मी सीनियरला सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "नोफेल टाकलंस ते ठीकच. मीही तेच केलं असतं. पण स्क्रिप्टला डिस्क जोडलेली आहे का ते बघायला लावायचं होतंस. आणि त्या फाईलमध्ये वर एक कॉमेंट टाकायची, तारीख आणि नाव. एवढं केलं असतंस तर पाच महिन्यांत कोणाच्या तरी नजरेला पडलं असतं." थोड्या वेळाने त्याने विचारलं, "मॅडमना कोण सांगणार?"

मी फोन केला. सगळं सांगितलं, शब्दासकट. मला वाटलं होतं त्या रागावतील, किंवा 'जाऊ दे गं' म्हणतील. त्यांनी दोन्ही केलं नाही. म्हणाल्या, "समोर मोबाईलचं दुकान आहे, त्याच्याकडे डिस्क मिळते. त्या शनिवारी मला एक हाक मारली असतीस तर अकरा वाजता माणूस पाठवून आणली असती."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही.

करार त्यांनी मोडला नाही. पण दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी त्यांचा फोन यायला लागला. त्या रजिस्टरमधला कुठलाही एक जुना नंबर सांगायच्या आणि तो रिपोर्ट आम्ही बॅकअपच्या डिस्कवरून काढून, त्यातला आकडा त्यांना वाचून दाखवायचा. बरोबर आला की त्या "ठीक" म्हणून फोन ठेवायच्या. मी ती कंपनी सोडेपर्यंत तो फोन मीच घेत होते.