जोडाच्या शेजारी

आमच्या शाळेत ॲल्युमिनियमची एक शिडी होती. ध्वजस्तंभाची दोरी अडकली, पंखा बिघडला, गॅदरिंगला पडदा बांधायचा झाला की शिपाईमामा ती खांद्यावर टाकून निघत. गेल्या पावसाळ्यात तिची खालून तिसरी पायरी एका बाजूला तडकली. संस्थेकडे अर्ज करायचा आणि मंजुरीची वाट पाहायची, हा नेहमीचा मार्ग होता. पण त्या सुमारास मला वेगळेच वेड लागले होते. निवृत्ती तीन वर्षांवर आलेली. पुढे हाताला काही काम असावे म्हणून घरामागच्या पडवीत मी वेल्डिंग शिकत होतो. शिकवणारा माझाच जुना विद्यार्थी. उद्यमबागेत त्याचे लहानसे वर्कशॉप आहे. मनाशी म्हटले, शिडी आपणच जोडू.

बेळगावकराला ॲल्युमिनियम परके नाही. यमनापूरला बॉक्साइटपासून ॲल्युमिना काढतात, हे इथल्या शाळकरी मुलालाही ठाऊक असते. पण नाव ठाऊक असणे वेगळे आणि स्वभाव ठाऊक असणे वेगळे. लोखंड तापले की लाल होते, म्हणजे माणसाला सावध करते. ॲल्युमिनियम तशी सूचना देत नाही. ६६० अंश सेल्सिअसला ते वितळते आणि तोवर त्याचा रंग जवळजवळ बदलतच नाही. आत्ता घट्ट होते तिथे क्षणात भोक पडते. शिवाय हवा लागताच त्याच्या अंगावर ऑक्साइडचा पातळ पापुद्रा धरतो, आणि तो वितळायला २००० अंशांहून अधिक उष्णता लागते. दुधावर साय असावी तसे आत धातूचे पाणी झालेले असते आणि वर हा पापुद्रा तसाच. तो न काढता केलेला जोड वरून सांधलेला दिसतो, आत मात्र सुटा राहतो.

म्हणून साधनांची निवड विचारपूर्वक करावी लागते. माझ्याकडे आधी डीसीवर चालणारे साधे आर्क मशीन होते. शिष्य म्हणाला, “सर, ह्याच्यावर लोखंड करा. ॲल्युमिनियमच्या टिगला एसी पाहिजे.” प्रवाह उलटसुलट वाहतो तेव्हा एका अर्ध्या फेऱ्यात पापुद्रा फुटतो आणि दुसऱ्यात धातू वितळतो, हे त्याने मला फळ्यावर काढून दाखवले. फळा माझा, खडू त्याचा! जाडीच्या दर मिलिमीटरला साधारण ४० अँपिअर धरावेत. म्हणजे घरच्या तीन-चार मिलिमीटरच्या कामाला २०० अँपिअरचे मशीन पुरते. वायू शुद्ध आर्गॉन, लोखंडाच्या कामाचे कार्बन डायऑक्साइडचे मिश्रण इथे चालत नाही. भरण्याची सळई ४०४३ किंवा ५३५६ क्रमांकाची. पहिलीत सिलिकॉन, दुसरीत मॅग्नेशियम. स्टेनलेस स्टीलचा ब्रश ॲल्युमिनियमपुरता वेगळा ठेवायचा. आधी ॲसिटोनने तेलकटपणा पुसायचा, ते पूर्ण उडून गेल्यावर ब्रश मारायचा, मगच ठिणगी. क्लोरीन असलेले द्रावक मुळीच वापरायचे नाही, कारण ठिणगीपाशी त्यातून फॉस्जीन हा विषारी वायू तयार होऊ शकतो. बंद डब्याला किंवा टाकीला हात लावायचा नाही. गॅसच्या लहान बर्नरवर वितळणाऱ्या स्वस्त सळयाही मिळतात, पण त्या ओझे न पेलणाऱ्या वस्तूंसाठी.

दोन महिने भंगाराच्या पट्ट्यांवर हात बसवला आणि एका रविवारी शिडी जोडली. नाण्यांची चळत आडवी करावी तसा एकसारखा टाका उठला. मी स्वतः त्या पायरीवर उभा राहिलो, दोन उड्याही मारल्या. शिडी हलली नाही. शिपाईमामा कौतुकाने म्हणाले, “सरांनी जोडली म्हणजे पक्कीच.”

संध्याकाळी शिष्य आला. त्याने टाका पाहिला, बोट फिरवले आणि म्हणाला, “टाका चांगला आहे, सर. पण ॲल्युमिनियम टाक्यात तुटत नाही, टाक्याच्या शेजारी तुटतं.”

त्याचे म्हणणे असे. शिडीचा धातू बहुधा मॅग्नेशियम आणि सिलिकॉन मिसळून, उष्णतेच्या प्रक्रियेने कडक केलेला असतो. वेल्डिंगच्या आचेने जोडाच्या दोन्ही बाजूंचा तो कडकपणा उतरतो आणि तिथली ताकद जवळजवळ निम्म्यावर येते. ती परत आणायची तर सबंध वस्तू भट्टीत घालून पुन्हा त्याच प्रक्रियेतून न्यावी लागते. पडवीत ते होणे नाही. शिवाय हा धातू वारंवारच्या ओझ्याने थकतो. आज माझे वजन पेलले म्हणून सहा महिन्यांनी मामांचे पेलेलच असे नाही.

त्या रात्री मला झोप लागली नाही. प्रश्न धातूचा राहिला नव्हता. मी उड्या मारल्या तेव्हा धोका माझा होता आणि तो मी पत्करला होता. मामा चढतील ते माझ्यावरच्या विश्वासाने. मग त्यांना सगळे सांगून टाकावे आणि त्यांनीच ठरवावे? वरवर हे न्याय्य वाटते. पण मुख्याध्यापकाने “चढाल ना?” असे विचारल्यावर शिपाई “नाही” म्हणेल काय? पदाच्या भाराखाली मिळालेल्या होकाराला संमती म्हणता येत नाही. सांगून मी मोकळा झालो असतो; धोका त्यांच्याच वाट्याला राहिला असता.

मुख्याध्यापकाची सही हाही एक जोडच असतो. काही वर्षांपूर्वी गणितात अगदी कच्च्या असलेल्या एका मुलाला मी वरून गुण देऊन नववीतून दहावीत ढकलले होते. गुणपत्रिका सुबक दिसत होती. दहावीच्या परीक्षेत तो गणितातच गेला आणि पुन्हा शाळेकडे फिरकला नाही. त्याच्या वडिलांनी त्या कागदावर विश्वास ठेवला होता. पापुद्रा न खरवडता मी टाका मारला होता, आणि तुटले ते त्या मुलाचे.

ॲरिस्टॉटलने आपल्या नीतिशास्त्रात कौशल्य आणि व्यवहारविवेक असे दोन वेगळे गुण मानले आहेत. वस्तू कशी घडवावी हे कौशल्य जाणते. काय करणे उचित हे विवेक जाणतो. एम.ए.ला असताना हा भेद मी पाठ केला होता. त्याचा अर्थ कळायला एक शिडी तडकावी लागली.

शेजारच्या अक्कांना हे पटले नाही. त्या कन्नड, आम्ही मराठी. चाळीस वर्षांचा शेजार. त्या म्हणाल्या, “मोडलं की टाकायचं, ही श्रीमंतांची चैन, सर. गरिबानं जोडूनच वापरायचं असतं.” बोलणे खरे होते. जोडून वापरणे हा आपल्या घरांचा जुना सद्गुण आहे आणि तो मला सोडायचा नाही. म्हणून मी एक नियम केला आहे. जोडण्याआधी स्वतःला विचारायचे : हे तुटले तर काय सांडेल? खिडकीची चौकट, कुंडीचे स्टँड, दिवाळीच्या आकाशकंदिलाचा सांगाडा, खुशाल जोडावे. अक्कांचा कुकर मात्र मी परत दिला. त्यात दाबाखालची वाफ असते आणि समोर अक्का असतात. शिडी तुटली तर माणूस सांडतो. गरिबाच्या वाट्याला जोडलेली वस्तू यावी, जोडलेला धोका येऊ नये.

दुसऱ्या दिवशी मी संस्थेकडे नव्या शिडीचा अर्ज केला. जुनी तशीच ठेवली असती तर घाईच्या वेळी कोणीतरी तिला भिंतीला लावलीच असती. म्हणून मी करवतीने तिचे दोन तुकडे केले. मामा हळहळले, “एवढी चांगली जोडली होती, सर.” मी म्हटले, “म्हणूनच कापतोय, मामा.”

ते दोन तुकडे आता शाळेच्या बागेत आहेत. त्यांच्यावर घेवड्याचा वेल चढला आहे. त्याचे ओझे त्या जोडाला सहज पेलते.