रांगोळीतील भगवच्चिंतन

श्रीमद्भगवद्गीतेच्या दहाव्या अध्यायात अर्जुन भगवंतांना एक अत्यंत व्यावहारिक प्रश्न विचारतो. भगवंतांचे चिंतन कोणकोणत्या पदार्थांच्या ठिकाणी करावे, हे त्याला जाणून घ्यावयाचे आहे. हा प्रश्न वनवासी संन्याशाचा नव्हे; ज्याच्यापुढे कर्तव्य उभे आहे अशा गृहस्थाचा आहे. उत्तरादाखल भगवंतांनी ज्या विभूती सांगितल्या त्यांत मेरुपर्वत व ऐरावत आहेत. त्याचप्रमाणे पारावरचा पिंपळ आहे, वाहता वारा आहे, आणि बालक पाटीवर प्रथम गिरविते तो 'अ'कारही आहे.

गीतेतील दृष्टांतही असेच ओळखीचे आहेत. वारा नसलेल्या जागेतील दिवा, धुराने वेढलेला अग्नी, धुळीने मळलेला आरसा, टाकून दिलेले जीर्ण वस्त्र, दोऱ्यात ओवलेले मणी, कमलपत्रावरचे पाणी — यांतील कोणती वस्तू गृहस्थाने पाहिलेली नाही? संतांनीही हाच मार्ग अनुसरला. सावता माळ्यांना मळ्यातील भाजीत पांडुरंग दिसला, गोरोबाकाकांना चिखल तुडविताना नामाचा छंद लागला, आणि काशीच्या कबीरांनी मागावरच्या वस्त्रात देहाचे रहस्य पाहिले. हातातील काम सोडून त्यांना देवाकडे जावे लागले नाही.

तथापि पुष्कळ गृहस्थ खेदाने म्हणतात, "पहाटेपासून रात्रीपर्यंत संसाराची कामे संपत नाहीत, चिंतनास अवकाश कोठून आणावा?" त्यांनी आपल्या उंबरठ्याकडे एकदा पाहावे.

भारतवर्षातील असंख्य घरांत गृहिणीचे हात सकाळी अंगणात एक आकृती रेखतात. महाराष्ट्रात ती शिरगोळ्याच्या पुडीची रांगोळी असते. तमिळनाडूत तांदळाच्या पिठाचे कोलम असते. बंगालात सणावारी तांदूळ भिजवून वाटलेल्या पिठीने आलपना काढतात आणि कोजागरीस लक्ष्मीची पावले उमटवितात. मिथिलेत तिला अरिपन म्हणतात, तर राजस्थानात खडू व गेरू यांनी मांडणा रेखतात. नावे भिन्न, द्रव्ये भिन्न; परंतु दारी येणाऱ्याचे स्वागत मंगलाने व्हावे, हा भाव एकच.

आता या कृतीत काय दडले आहे ते पाहावे. कोलम काढताना प्रथम ठिपके मांडतात. मग त्यांच्याभोवती वळणे घेत जाणारी रेषा, पुष्कळ आकृतींत, कोणत्याही ठिपक्यास स्पर्श न करता जेथून निघाली तेथेच येऊन मिळते. एखाद्या साधकास यात संसारातील अनेक प्रसंगांभोवती फिरूनही त्यांत न अडकणारी बुद्धी दिसेल. तांदळाचे पीठ मुंग्या वेचून नेतात, त्यात दुसऱ्यास भूतयज्ञ दिसेल. महाराष्ट्रात चैत्रांगणात सूर्य, चंद्र, शंख, चक्र यांच्यासह कासवही काढतात. दुसऱ्या अध्यायात स्थितप्रज्ञासाठी ज्याची उपमा दिली, तेच हे कासव. आणि दुपारपर्यंत ती सारी आकृती येणाऱ्याजाणाऱ्यांच्या पायांनी पुसून जाते. काढणारी त्याचा शोक करीत नाही; दुसऱ्या दिवशी सडा घालून ती पुन्हा बसते. फलाची आसक्ती सोडून केलेल्या कर्माचा याहून सोपा पाठ कोणता?

परंतु असा अर्थ केवळ ऐकून उपयोग नाही. तो स्वतःच्या जीवनात सापडावा लागतो. असे एक घर डोळ्यांपुढे आणावे. वृद्ध मातेचा कर्ता मुलगा गेला आहे. सांत्वनास येणारे जीर्ण वस्त्राचा दृष्टांत सांगतात; ती मान हलवते, पण शब्द आत उतरत नाहीत. सुतक फिटले, महिने लोटले, तरी उंबरठा कोराच आहे. एके दिवशी नात रांगोळीचा डबा घेऊन बसते. रेषा वाकड्या येतात. ती विचारते, "आजी, ही रोज पुसली जाते, तरी तू रोज का काढायचीस?" आजी पुष्कळ वेळ बोलत नाही. मग पुसट झालेल्या आकृतीवर हात ठेवून म्हणते, "बाळ, रेघ जाते, खालची भुई जात नाही." बोलता बोलता तिचे डोळे भरून येतात. जे वचन इतरांच्या मुखातून तिला परके वाटले, ते आज तिच्याच हाताखालून उमटले. तिचे दुःख त्या क्षणी संपले असे नव्हे. मात्र दुसऱ्या दिवशी पहाटे तिने सडा घातला.

या मार्गात दोन धोके आहेत. पहिला असा की, प्रतीक शोधण्याचाच छंद जडतो आणि आचरण कोरडे राहते. देवघरातील निश्चल ज्योत पाहून स्थिर चित्तावर प्रवचन करणारा पुरुष आमटीत मीठ कमी पडताच सुनेवर संतापला, तर त्याने ज्योत पाहिली असे कसे म्हणावे? ज्या अर्थाने राग थोडा कमी झाला, हात दानास थोडा मोकळा झाला, मृत्यूचे भय थोडे ओसरले, तोच अर्थ खरा सापडला असे जाणावे. दुसरा धोका आग्रहाचा. एकास ज्योतीत जे दिसले ते दुसऱ्यास जात्यात दिसेल, तिसऱ्यास विणकामात. आपल्याला लाभलेला अर्थ नम्रपणे सांगावा. दुसऱ्यावर लादू नये.

म्हणून गृहस्थाने आपल्या नित्याच्या कामातील एकच वस्तू निवडावी. लेखनिकाने लेखणी, शेतकऱ्याने बी, शिंप्याने सुई-दोरा, गृहिणीने दिवा किंवा रांगोळी. काम आरंभताना क्षणभर थांबून भगवंतांचे स्मरण करावे, आणि ही वस्तू आज काय शिकविते ते शांतपणे पाहावे. काम नीट करावे व ते त्यांच्या चरणी अर्पण करावे. भक्तीने दिलेले पान, फूल, फळ, पाणीसुद्धा ते प्रेमाने स्वीकारतात, असे नवव्या अध्यायात त्यांचे आश्वासन आहे. मग चिमूटभर रांगोळी ते कशी अव्हेरतील?

हरिः ॐ तत्सत्।