उशिराची बातमी

आठवड्याला सत्तर तास काम करावं, असं नारायण मूर्ती २०२३ मध्ये म्हणाले. २०२५ च्या जानेवारीत लार्सन अँड टुब्रोच्या अध्यक्षांचं नव्वद तासांचं विधान गाजलं. तेव्हापासून आपल्याकडे कामाबद्दल बोलणं म्हणजे तास मोजणं, असं होऊन बसलं आहे. एकीकडे कष्टाचं माहात्म्य, दुसरीकडे घराचं आणि तब्येतीचं. माझा कल दुसऱ्या बाजूकडे आहे, तरी हा वाद मला उथळ वाटतो. कारण दोन्ही बाजूंच्या डोळ्यांसमोर काम करणारा माणूस एकटा आहे. पाच-दहा जणांनी मिळून हाती घेतलेलं काम वेळेत का होत नाही, याचं उत्तर तासांच्या हिशेबात सापडत नाही. एकाचे नव्वद तास दुसऱ्याची वाट पाहण्यातही जाऊ शकतात.

याचा विचार करायला मराठीत एक उत्तम जागा आहे, ती म्हणजे दिवाळी अंक. काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला; तेव्हापासून दरवर्षी लहानमोठ्या मंडळींचे गट अशा एका कामाला लागतात, ज्याची शेवटची तारीख पंचांग ठरवतं. २०२३ मध्ये लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला आलं, २०२५ मध्ये ते ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात होतं. सण उलटल्यावर आलेला अंक कितीही देखणा असो, विक्रेता तो ठेवून घ्यायला नाखूश असतो. त्या तारखेच्या अलीकडे असते ती लांबलचक साखळी: लेखकाचा मजकूर, अक्षरजुळणी, मुद्रितशोधन, चित्रं, मांडणी, अखेरपर्यंत अडून राहिलेलं जाहिरातीचं पान, सोळा-सोळा पानांचे फॉर्म, छपाई, बाइंडिंग. प्रत्येकाचं काम आधीच्याच्या हातून येतं.

आणि इथेच ती सर्वमान्य युक्ती वापरली जाते. संपादकाला मजकूर ऑगस्टअखेर हवा असतो, लेखकाला तो जुलैअखेर सांगतो. सरकारी कचेरीपासून सॉफ्टवेअर कंपनीपर्यंत सगळीकडे हे चालतं. त्याचं समर्थन करणारे लोक अनुभवी असतात, म्हणून त्यांचं म्हणणं नीट तपासायला हवं. ते म्हणतात, माणूस मुदतीपर्यंत ताणतोच. तेव्हा मुदतच अलीकडे ओढावी. आधाराला पार्किन्सनचा नियम असतो: जेवढा वेळ असेल तेवढं काम पसरतं.

पार्किन्सनपासूनच सुरुवात करू. १९५५ मध्ये ‘द इकॉनॉमिस्ट’मध्ये आलेला त्याचा तो उपरोधिक लेख मुळात मुदतींबद्दल नव्हता. काम वाढो वा घटो, कचेऱ्यांतली माणसं कशी वाढत जातात, हे त्याला दाखवायचं होतं. १९१४ मध्ये ब्रिटिश नौदलाच्या मोठ्या युद्धनौका ६२ होत्या, १९२८ मध्ये २० उरल्या; त्याच काळात अ‍ॅडमिरल्टीतले अधिकारी २,००० वरून ३,५६९ झाले. या आकड्यांतून ‘माणसांना खोटी तारीख सांगा’ असा निष्कर्ष कसा निघतो, हे मला आजवर उमगलेलं नाही.

पण पार्किन्सन बाजूला ठेवला तरी युक्ती टिकत नाही. पहिल्या वर्षी ती चालते. दुसऱ्या वर्षी लेखकाला कळतं की जुलै म्हणजे जुलै नव्हे. मग तो मनातल्या मनात दिवस वाढवून घेतो. चित्रकारही वाढवतो, मुद्रितशोधकही. आणि प्रत्येकाचा अंदाज निराळा. एकट्यानं स्वतःचं घड्याळ दहा मिनिटं पुढे लावलं तर फारसं बिघडत नाही. दहा जणांनी आपापल्या अंदाजानं लावलं, तर भेटीची वेळच उरत नाही. शिवाय ज्यानं शब्द मानून, बाकीची कामं मागे सारून जुलैत लेख दिला, तो आपला लेख ऑगस्टभर पडून राहिलेला पाहतो. पुढच्या वर्षी तो घाई करत नाही. म्हणजे युक्तीची शिक्षा नेमकी प्रामाणिक माणसाला होते. आणि कधी खरोखरच निकड आली, तर ती सांगायला संपादकाकडे शब्द शिल्लक नसतात. ‘अगदी शेवटची तारीख’ हे शब्द त्यानं आधीच खर्चून टाकलेले असतात.

यावर उत्तर येतं की अंक तर वेळेवर निघतो ना! निघतो, कारण साखळीच्या शेवटची माणसं शेवटच्या पंधरवड्यात रात्री जागतात. सुरुवातीच्यांनी गमावलेला वेळ मुद्रितशोधक आणि बाइंडर भरून देतात. त्यांच्याकडून पुढे ढकलायला कुणी उरलेलं नसतं. याला नियोजनाचं यश म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

बाकीच्या उपायांवर फार थांबायला नको. कामाचा माग ठेवणारं ॲप कितीही चांगलं असलं, तरी त्यात ‘काम सुरू आहे’ असं नोंदवणारा हात माणसाचाच असतो. रेंगाळलेल्या कामावर आणखी माणसं घातली की ते जास्तच रेंगाळतं, हे आयबीएममधल्या अनुभवावरून फ्रेड ब्रूक्स यांनी १९७५ मध्येच मांडलं आहे.

कोकण रेल्वे उभारणाऱ्या ई. श्रीधरन यांचं उदाहरण मात्र नेहमी अर्धवट दिलं जातं. कामाला किती दिवस उरले ते दाखवणारी त्यांची उलटी घड्याळं सगळ्यांना आठवतात आणि त्यातून शिस्तीचा धडा काढला जातो. मला त्या घड्याळांत वेगळंच महत्त्वाचं वाटतं: भिंतीवरची तारीख अभियंत्याला, कंत्राटदाराला आणि कारकुनाला एकच दिसते. शिवाय कोकण रेल्वे ठरल्या वेळेत झालीच नाही. १९९० मध्ये पाच वर्षांचं उद्दिष्ट होतं, पूर्ण मार्ग २६ जानेवारी १९९८ ला खुला झाला. गोव्यातल्या पेडण्याच्या बोगद्यात ढासळत्या मऊ मातीनं दीर्घकाळ दाद दिली नाही. पण मार्ग दोन्ही टोकांकडून टप्प्याटप्प्यानं सुरू होत गेला, त्यामुळे कुठला तुकडा अडला आहे, हे प्रवाशालाही दिसत होतं. तो उशीर उघडा होता.

माझा मुद्दा इथे येऊन थांबतो. उशीर आणि उशिरा कळलेला उशीर, या दोन निराळ्या गोष्टी आहेत आणि आपण त्यांना एकच समजतो. पहिला बऱ्याच अंशी अटळ आहे. मूल आजारी पडतं, लेख मनासारखा जमत नाही, माती ढासळते. दुसरा माणसांनी घडवलेला असतो. लेख ३१ जुलैला येणार नाही, हे लेखकाला बहुधा १० तारखेलाच ठाऊक असतं. त्या दिवशी त्यानं सांगितलं, तर संपादक दुसरा लेख मागवू शकतो, फॉर्मांचा क्रम फिरवू शकतो, चित्रकाराला आधी कथेकडे वळवू शकतो. ३१ ला सांगितलं, तर फक्त वाट पाहू शकतो. म्हणून काम हातात पडण्याच्या प्रत्येक तारखेआधी आणखी एक तारीख असावी, असं मी आग्रहानं म्हणेन: होणार नसेल तर ते कळवण्याची. माझ्या मते तीच खरी मुदत. खोटी तारीख हीच मुदत मोडून टाकते, कारण मागे भरपूर जागा आहे असं समजणाऱ्या माणसाला काही कळवावंसं वाटतच नाही.

यात आपली भीडही आड येते, हे मला मान्य आहे. वडीलधाऱ्या संपादकाला ‘जमणार नाही’ म्हणण्यापेक्षा ‘बघतो’, ‘दोन दिवसांत देतो’ म्हणणं आपल्याला सभ्यपणाचं वाटतं. आणि अशी तारीख ठेवली की लोक तिचा पळवाट म्हणून वापर करतील, ही भीतीही अगदीच निराधार नाही. पण आज काय चाललं आहे ते पाहावं. १० तारखेला खरं सांगणारा तीन आठवडे बोलणी खातो. ३१ ला सांगणारा एकच दिवस, कारण तोवर सगळे पुढच्या धावपळीत असतात. हा हिशेब नवख्या माणसालाही पहिल्याच कामात कळून चुकतो.