रात्री तीनचा आकडा

रात्री तीनला अंगावर जाड कपडे चढवायचे, कंदील घ्यायचा, बाहेर जाऊन तापमापक वाचायचा आणि आत येऊन वहीत आकडा लिहायचा. चार वाजता पुन्हा तेच. स्कॉटलंडमधल्या बेन नेव्हिस शिखरावर, सुमारे १,३४५ मीटर उंचीवर, १८८३ ते १९०४ या काळात निरीक्षकांनी हे तासातासाला केलं. हिवाळ्यात दार बर्फाखाली गाडलं जाई, मग वेधशाळेच्या मनोऱ्यातून बाहेर पडायचं. वारा फारच पिसाळला तर कमरेला दोर बांधून जायचं.

गंमत अशी, की हवामान बघायला वर गेलेल्या या माणसांना बहुतेक वेळा काही दिसतच नसे. शिखर ढगात बुडालेलं. खालच्या गावाला जो ढग दिसतो, तो वरच्यांना नुसता ओला पांढरेपणा. पावसाळ्यात महाबळेश्वरला राहिलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. मग लिहायचं काय? तर तेच: धुकं. पुढच्या तासालाही धुकं.

सप्टेंबर १८९४मध्ये सी. टी. आर. विल्सन हा तरुण बदली निरीक्षक म्हणून दोन आठवडे तिथे राहिला. त्याला ढगावर पडलेल्या सावलीभोवती रंगीत वलयं दिसली. आपल्याकडे हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावरून दिसणारं इंद्रवज्र ते हेच. हा देखावा प्रयोगशाळेत उभा करावा म्हणून तो केंब्रिजमध्ये कृत्रिम ढग बनवू लागला. त्यातून पुढे भारित कणांच्या वाटा दाखवणारी मेघपेटी झाली आणि १९२७चं नोबेल मिळालं.

ही गोष्ट सगळ्यांना आवडते, मलाही. पण तिच्यात एक अन्याय आहे. दोन आठवडे आलेल्याला इंद्रवज्र भेटलं, याचं कौतुक होतं. वीस वर्षं धुकं लिहिणाऱ्यांना आपण विसरतो. विल्सनची नजर असामान्य होती, वादच नाही. मात्र तो तिथे पोचला, कारण कुणीतरी सुट्टीवर गेलं तरी वही थांबवायची नाही, असा तिथला शिरस्ता होता. आणि नोंदीच्या बाबतीत रोमहर्षक तासाची किंमत कंटाळवाण्या तासाहून जास्त नसते. फक्त वादळंच लिहून ठेवली असती, तर हाती नुसत्या आठवणी राहिल्या असत्या.

पैशाअभावी १९०४मध्ये वेधशाळा बंद पडली. वह्यांचे छापील खंड झाले. २०१७मध्ये हजारो स्वयंसेवकांनी घरबसल्या त्यांतले आकडे संगणकात उतरवले. त्यांच्यापैकी कुणाच्या तरी वाट्याला रात्री तीनचं तापमान आलं असेल. तेही त्यांनी चारच्या शेजारी निमूट टंकलं असेल.

शिखरावर आता पडक्या भिंती आहेत. मनोऱ्याच्या अवशेषांवर गिर्यारोहकांसाठी एक छोटा निवारा बांधलाय. धापा टाकत वर पोचलेले लोक तिथे टेकतात, आणि ‘काहीच दिसलं नाही’ म्हणत हिरमुसून उतरतात.