पिल्लू कुणाचं?

आमच्या परड्यात कायम दहा-पंधरा कोंबड्या असायच्या, अजूनही आहेत. पिल्लं डालग्याबाहेर पडली की आळीतल्या बायकांचा एक खेळ ठरलेला. येईल ती कमरेवर हात ठेवून बघायची आणि विचारायची, "ह्ये कुणाचं गं बाई?" आई ठाऊक असते, कारण अंडी आपणच बसवलेली. प्रश्न बापाचा. मग रंगावरून, तुऱ्यावरून, पायांवरून अंदाज चालायचे. मीही त्यात तरबेज होतो.

अंदाज अगदीच खोटे नसतात. पिल्लू उघड्या मानेचं निघालं आणि आईची मान पिसांनी भरलेली असली, तर बाप उघड्या मानेचा, हे खुशाल सांगावं. तो गुण एकाकडून आला तरी दिसतो, लपून राहत नाही. असे दोन-चार अंदाज खरे ठरले की माणसाला वाटतं, आपल्याला सगळंच कळतं. माझं तसंच झालं.

काही वर्षांपूर्वी एका पाहुण्याकडून हौसेनं जपानी बॅंटमची जोडी आणली. ही जात लहानखुरी. पाय इतके आखूड की चालताना पोट जमिनीला टेकतंय असं वाटावं, आणि शेपूट मात्र ताठ उभं. कोंबडी खुडूक झाली तेव्हा तिचीच ११ अंडी तिच्याखाली ठेवली. एकविसाव्या दिवशी आठ पिल्लं निघाली, तीन अंडी वाया गेली. पिल्लं जरा मोठी झाल्यावर त्यांची ठेवण दिसायला लागली. सहा आई-बापासारखी बुटकी. दोन मात्र लांब पायांची, टणाटणा उड्या मारणारी.

मी लगेच निकाल दिला. शेजारचा गावठी कोंबडा कुंपणावरून येतो, त्याचंच हे काम. "ह्या कोंबडीचा काय भरवसा नाय," असं येईल त्याला हसून सांगत सुटलो.

पुढे जनावरांना लस टोचायला डॉक्टर आले, त्यांनाही तेच सांगितलं. ते हसले नाहीत. उकिडवे बसले आणि काडीनं मातीत चार रेघा ओढल्या. म्हणाले, "बापू, प्रत्येक बुटक्या बॅंटममध्ये एक आखूड पायाचा गुण असतो आणि एक लांब पायाचा. पिल्लाला दोघांकडून एकेक मिळतो. दोन्ही आखूड मिळाले तर जीव अंड्यातच मरतो. एक आखूड, एक लांब मिळाला तर बुटकं. दोन्ही लांब मिळाले तर उंच. चारात सरासरी एक मरायचं, दोन बुटकी, एक उंच. तुमचा हिशोब त्याच्या जवळपासच आहे." मग उठता उठता म्हणाले, "शेजारचा कोंबडा आलाही असेल. कोंबडीच्या पोटात नराचं बीज दोनेक आठवडे टिकतं. पण नुसत्या पायांवरून ते ठरत नाही."

डॉक्टर गेले. मी रेघांकडे बघत बसलो, आणि मला धाकटा भाऊ आठवला.

त्याचे डोळे घारे. आमच्या घरात कुणाचेच घारे नव्हते. आई-वडिलांचे काळे, आजा-आजीचे काळे. लहानपणी तो अंगणात खेळायला लागला की कुणीतरी म्हणायचंच, "ह्यो कुणावर गेला?" प्रश्न तोच आणि हसणंही तेच. आई तेव्हा काही बोलायची नाही. पदर नीट करून आत जायची. वडीलही गप्प राहायचे. त्यांचं ते गप्प राहणं मला तेव्हा शहाणपणाचं वाटायचं. आता तसं वाटत नाही.

मी तर त्याच्याही पुढे गेलो. दहावीत असताना एका भांडणात भावाला म्हणालो, "तू आमच्यातला नाहीसच." तो आठ वर्षांचा होता. रडला नाही, नुसता बघत राहिला.

काळ्या डोळ्यांच्या आई-बापाला घाऱ्या डोळ्यांचं पोर होऊ शकतं, हे मला खूप उशिरा कळलं. पण त्या वेळी कळलं असतं तरी काय झालं असतं? माझा अंदाज चुकला, एवढंच माझं पाप नव्हतं. अंदाज बरोबर असता तरी त्या पोरानं आमच्याच ताटात खाल्लं होतं, आईच्याच कुशीत झोपलं होतं. कोंबडीखाली बदकाची अंडी ठेवा, ती पिल्लं पंखाखाली घेते. कुणाचं, असं विचारत नाही.

कोंबड्यांची पैदास करणाऱ्यानं पिल्लाचा बाप शोधावा, तो त्याचा धंदा आहे. जोड्या लावायच्या तर ते ठाऊक पाहिजे. पण माणसाच्या लेकराकडे बघून तोच प्रश्न विचारला, की उत्तर कुणालाच नको असतं. एका बाईला मान खाली घालायला लावायची असते, बस्स.

गेल्या दिवाळीला भाऊ आला होता. परड्यात उभा राहून त्यानं त्या उंच कोंबडीकडे बोट दाखवलं. हसून म्हणाला, "दादा, ही माझ्यासारखी आहे की." चाळीस वर्षं उलटली, तरी तो विसरला नव्हता. आई आता नाही. तिची माफी मागायची राहून गेली. भाऊ समोर होता. मी त्याचा हात धरला आणि म्हणालो, "बाळा, चुकलं माझं."

तो काही बोलला नाही. खाली वाकून त्यानं मूठभर कण्या टाकल्या. बुटक्या, उंच सगळ्याच धावत आल्या.