दोघांचा एक वर्ग

माउली, एक प्रश्न आपल्यापुढे ठेवतो. एकाच लेकराला दोघे जण शिकवत आहेत. सोबत्याची रीत आपल्याला पटत नाही. अशा वेळी गोडी राहावी म्हणून गप्प बसणे हा गुण की दोष?

आपल्या वाड्या-वस्त्यांवरच्या कितीतरी शाळा द्विशिक्षकी आहेत. १९८७ च्या खडू-फळा मोहिमेने एकशिक्षकी शाळांना दुसरा शिक्षक देण्याचे ठरवले. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीच्या ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक ठरवून दिले. पण दोघांना नेमणे वेगळे आणि दोघांचे जमणे वेगळे. लेकराच्या दृष्टीने शाळा म्हणजे हीच दोन माणसे.

२०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'सत्तावीस'ला 'वीस सात' म्हणण्याची रीत आली, तेव्हा महाराष्ट्रभर वाद झाला. समजा, बाईंनी नवी रीत शिकवली आणि दुसऱ्या दिवशी गुरुजी 'सत्तावीस' म्हणाले. पोर उभे राहून विचारते, "गुरुजी, बाई तर वीस सात म्हणतात!" आता गुरुजींनी काय म्हणावे?

"बाईंचं चुकतंय" म्हणावे, तर पोराचा बाईंवरचा विश्वास ढळतो. उद्या त्या बरोबर सांगतील तेही त्याला खोटे वाटेल. "ते तू बाईंनाच विचार" म्हणावे, तर वरून सभ्यपणा दिसतो, पण पोर अडले तिथेच राहते. तिसरे उत्तर असे : "बाळा, दोन्ही एकच. ही संख्या वीस आणि सात मिळून झाली, हे बाईंनी दाखवलं. बाजारात तिला सत्तावीस म्हणतात, ते मी सांगतो." यात खऱ्याला बाध नाही, सोबत्याला कमीपणा नाही, आणि पोराची अडचणही सुटली. असे उत्तर सुचायला मात्र आदल्या दिवशी बाईंनी काय शिकवले आणि का, हे गुरुजींनी आपणहून विचारलेले असावे लागते.

मग सोबत्याचे सगळेच सांभाळून घ्यायचे का? नाही. रीतीतला मतभेद शाळा सुटल्यावर दोघांत बोलावा, मुलांदेखत नव्हे. पण सोबती लेकरावर हात उगारत असेल, त्याला मठ्ठ म्हणत असेल, जातीवरून टोचत असेल, तर संध्याकाळची वाट पाहू नये. त्याच क्षणी मध्ये उभे राहावे. मारणे आणि मानसिक छळ हे दोन्ही कायद्यानेही वर्ज्य आहे. तिथे गप्प बसून राखलेली गोडी लेकराच्या जिवावर राखलेली असते. म्हणजे बोलावे की गप्प बसावे, हे आपला मान किती दुखावला यावरून ठरत नाही. लेकराचे काय होते आहे यावरून ठरते.

अडचण इथेच आहे. 'माझा वर्ग, माझी मुले' हे शब्द प्रेमाचे वाटतात, पण त्यात 'मी' हळूच येऊन बसतो. मूल चमकले तर 'मी घडवले', मागे पडले तर 'आधीच्याने पाया कच्चा ठेवला'. आपली परीक्षा आपणच घ्यावी : एखादे मूल आपल्यासमोर दुसऱ्या शिक्षकाचे कौतुक करते, तेव्हा आत काय हलते?

सप्ताहातला विणेचा पहारा आपण पाहिला आहे, कित्येकांनी केलाही आहे. पहाटे दोनला एक जण वीणा उतरवतो, दुसरा नमस्कार करून ती गळ्यात घेतो. वीणा खाली ठेवली जात नाही. आपल्या प्रहरात भजन अधिक रंगले, हे उतरवणारा सांगत बसत नाही. वर्गही असाच हातातून हातात द्यावा. शाळा सुटताना पाच मिनिटे दोघांनी बसावे : आज कोण आले नाही, कोण वजाबाकीच्या हातच्यात अडले, कोण उगाच रडले. एवढे बोलणे रोज झाले, तर मोठे भांडण साचायला जागा उरत नाही.

आणि माउली, आपण शाळेत शिकवत नसलो तरी यातून सुटत नाही. घरात लेकराला आई एक सांगते, आजी दुसरे सांगते, बाप तिसरेच. आपणही कोणाचे तरी सहशिक्षक आहोत. आज रात्री लेकरू झोपल्यावर आपल्या सोबत्याला एवढेच विचारावे : "तुम्ही त्याला काय सांगितलंत? उद्या मी तिथून पुढे धरतो."

राम कृष्ण हरी.