भय, संशय आणि श्रद्धा

अंधश्रद्धा ही श्रद्धेचीच अतिरेकी अवस्था होय, अशी समजूत सुशिक्षितांत आणि भाविकांत सारखीच रूढ आहे. तिच्यामुळे पहिल्यांना श्रद्धाच त्याज्य वाटू लागते, आणि दुसऱ्यांना अंधश्रद्धेवरील प्रत्येक प्रहार आपल्या देवावरच होत आहे असे वाटते. मला ही समजूत मुळातच चुकीची वाटते. श्रद्धेचा प्राण विश्वास आहे, अंधश्रद्धेचा प्राण संशय आहे. आणि म्हणून तिचे सख्खे नाते भक्तीशी नसून, प्रत्येक अरिष्टामागे कोणाचा तरी दुष्ट हेतू पाहणाऱ्या शंकेखोर वृत्तीशी आहे.

घरोघर निरुपद्रवी म्हणून चालत आलेला दृष्ट काढण्याचा प्रकारच पाहा. तिन्हीसांजेला तान्हे मूल किरकिरू लागले की मीठ, मोहरी आणि सुक्या लाल मिरच्या मुठीत घेऊन त्याच्यावरून उतरवतात आणि निखाऱ्यांवर टाकतात. मिरच्यांचा ठसका लागला तर दृष्ट किरकोळ होती, न लागला तर जबर होती, असा निर्णय होतो. म्हणजे निखाऱ्याने काहीही सांगितले तरी दृष्ट लागली होती, हे गृहीत मात्र अबाधितच राहते. त्या मुठीतील वात्सल्य खरे आहे, त्याचा उपहास कोणी करू नये. परंतु मूल झोपी गेल्यावर 'काल घरी कोण येऊन गेले?' असा प्रश्न निघतो, आणि शेजारच्या एखाद्या निपुत्रिक बाईचे नाव हळूच घेतले जाते, तेव्हा वात्सल्याची हद्द संपलेली असते. तिच्यावर फिर्याद नाही, तिची जबानी नाही, आणि तरीही तिच्याविरुद्ध निकाल होऊन गेलेला असतो.

मनुष्य असा का वागतो? पहिल्या महायुद्धाच्या काळात ट्रोब्रिअंड बेटांवर राहून तेथील लोकजीवनाचा अभ्यास करणाऱ्या मालिनोव्स्की या मानवशास्त्रज्ञाला असे आढळले की, किनाऱ्यालगतच्या शांत पाण्यात, जेथे मासळी खात्रीने मिळते, तेथे कोळी मंत्रतंत्र करीत नाहीत. खुल्या समुद्रात, जेथे जिवाला धोका आणि मासळीची अनिश्चिती, तेथे मात्र विधींचा मोठा पसारा असतो. कौशल्य जेथे संपते तेथे भय सुरू होते, आणि भयाला काहीतरी हाताशी लागते. यात लाजिरवाणे काही नाही. अनर्थ सुरू होतो तो पुढच्या पायरीवर. कारण योगायोगावर रागावता येत नाही, त्याला शिक्षा देता येत नाही, पण गुन्हेगार सापडला की दुःखाला कारण मिळाल्याचे समाधान लाभते.

या समाधानाची किंमत इतिहासात नोंदलेली आहे. १६९२ साली अमेरिकेतील सेलम येथे चेटकाच्या आरोपाखाली १९ माणसांना फाशी देण्यात आले. आरोपीचे भूत आपल्याला छळते, हे फिर्यादी मुलींचे म्हणणे न्यायाधीशांनी पुरावा म्हणून ग्राह्य धरले. ज्यांनी खोटा कबुलीजबाब दिला ते बहुधा वाचले, आणि जे सत्याला चिकटून राहिले ते मेले. त्या न्यायाधीशांपैकी सॅम्युअल सूअल यांनी १६९७ साली भर चर्चमध्ये उभे राहून आपला दोष पत्करला. देवाला भिणाऱ्या माणसाला शोभेल असे ते एकच कृत्य त्या साऱ्या प्रकरणात मला दिसते.

हे फार जुने आणि फार दूरचे वाटत असेल, तर धुळे जिल्ह्यातील राईनपाडा आठवावे. १ जुलै २०१८ रोजी, आठवडे बाजाराच्या दिवशी, भिक्षा मागत हिंडणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना मुले पळवणारी टोळी समजून जमावाने ग्रामपंचायतीच्या कचेरीत मरेपर्यंत मारले. तेथे ना भूत होते ना भगत. मोबाइलवरून पसरलेली अफवा होती. ज्या भिक्षेकऱ्याला पिढ्यानपिढ्या मूठभर धान्य देणे हा धर्म मानला गेला, त्याच्याच झोळीत लोकांना चोरलेले मूल दिसले.

याच महाराष्ट्रात तुकोबांनी नवससायासांची कठोर झडती घेतली, आणि गाडगेबाबांनी कीर्तनात श्रोत्यांना प्रश्न विचारून, त्यांच्याच तोंडून उत्तरे काढून, देवापुढच्या पशुहत्येचा निषेध केला. यांपैकी कोणाचीही भक्ती त्यामुळे उणी झाली नाही. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, आणि ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी ते वर्षानुवर्षे झटले तो त्याच वर्षी झाला. एखाद्यावर करणी किंवा चेटूक करीत असल्याचा शिक्का मारून त्याचे जिणे कठीण करणे आता गुन्हा आहे. पण कायद्याचा अंमल मनुष्याच्या कृतीवर चालतो, मनातील किंतूवर चालत नाही.

तेथे प्रत्येकाने स्वतःच न्यायासनावर बसले पाहिजे. ज्याच्याविषयी मन साशंक झाले, त्याच्या निर्दोषपणाचा कोणता पुरावा मिळाल्यास आपण ही शंका सोडून देऊ, हे आधी स्वतःला विचारावे. आणि असा एकही पुरावा सुचत नसेल, तर दोष त्या माणसात नसून आपल्या भयात आहे, हे प्रांजळपणे मान्य करावे. जो देवावर विश्वास ठेवतो असे म्हणतो, त्याने निदान एवढा विश्वास शेजाऱ्यावर ठेवावा.